तीन मजली, विटांची, कोपऱ्यावरची
(प्रस्तावना)

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरात, पायोनियर स्क्वेअर नावाच्या जुन्या पेठेत, 28 फेब्रुवारी 2001च्या सकाळी लोक काचा झाडत होते. आदल्या रात्री मार्दी ग्राच्या जल्लोषाची दंगल झाली होती, एका तरुणाचा जीव गेला होता, दुकानांच्या काचा फुटल्या होत्या. ती आवराआवर चालू असतानाच 10 वाजून 54 मिनिटांनी जमीन हलायला लागली आणि चाळीसेक सेकंद हलत राहिली. दुपारी त्याच रस्त्यांवर लोक विटा उचलत होते.

मराठी वाचकाला त्या दिवसांची आठवण वेगळ्या कारणाने असेल. त्याआधी 33च दिवस, प्रजासत्ताकदिनी सकाळी, भूज हादरलं होतं आणि मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींमधले पंखे, दिवे डुलले होते. कच्छमध्ये हजारो माणसं गेली. सिएटलचा भूकंप 6.8 क्षमतेचा, म्हणजे त्याहून बराच लहान, आणि त्याचं केंद्र पन्नास किलोमीटरहून खोल. धक्का वर पोहोचेपर्यंत त्यातला जोर बराचसा खडकात जिरला. चारशेच्या आसपास माणसं जखमी झाली, एक मृत्यू झाला तोही हृदयविकाराच्या झटक्याने. शहर स्वस्तात सुटलं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण हे पुस्तक त्या स्वस्तात सुटण्यामागे राहून गेलेल्या हिशेबाबद्दल आहे. सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक तीन मजली विटांची इमारत आहे, कॅडिलॅक हॉटेल. त्या दिवशी तिच्या कठड्याचा आणि वरच्या भिंतीचा भाग रस्त्यावर आला. तिथून पुढची पाच वर्षं तिचं काय करायचं यावर जे झालं, त्यात भूकंपाइतकंच शहराचंही शास्त्र शिकायला मिळतं.

कॅडिलॅक म्हटलं की मोटार आठवते. इमारत त्या मोटारकंपनीपेक्षा तेरा वर्षांनी मोठी, 1889ची. राजवाडा नाही, चर्च नाही, कुणा थोर माणसाचं जन्मस्थान नाही. खाली दुकानं आणि खाणावळी, वर मजुरांना, खलाशांना, लाकूडतोड्यांना भाड्याने द्यायच्या लहान लहान खोल्या. आपल्याकडे गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत जो नमुना पावलोपावली दिसतो, खाली गाळे आणि वर बिऱ्हाडं, त्याचीच ही परदेशी बहीण. म्हणूनच मी ती निवडली. देखण्या वास्तूंना कैवारी सापडतात. धंद्यासाठी बांधलेल्या, धंदा बदलला की भाडेकरू बदलणाऱ्या, नाव बदलत राहणाऱ्या साध्या इमारतींना सहसा सापडत नाहीत, आणि जुनी पेठ तर त्यांचीच बनलेली असते.

तिची गोष्ट आगीपासून सुरू करायला हवी. 6 जून 1889ला दुपारी एका सुताराच्या कारखान्यात सरस तापवण्याचं भांडं उतू गेलं आणि पेटलं. सिएटल तेव्हा लाकडाचं शहर होतं: इमारती लाकडी, पदपथ लाकडी, धक्के लाकडी. बंबांच्या नळांना पाण्याचा दाब पुरला नाही. संध्याकाळ उलटेपर्यंत व्यापारी पेठेचा जवळजवळ सगळा भाग, पंचवीसहून अधिक चौक, राख झाले होते. शहराने लगेच नियम केला की इथे यापुढे लाकडाची इमारत नको, वीट किंवा दगडच हवा. दुसरा निर्णय त्याहून धाडसी होता. खालचा भाग भरतीच्या पाण्याने सतत तुंबायचा, म्हणून रस्तेच वर उचलायचे ठरले. दोन्ही बाजूंना भिंती बांधून मध्ये भराव टाकला गेला, काही ठिकाणी रस्ता दोन पुरुष उंच झाला. मात्र व्यापाऱ्यांना तोवर थांबायला सवड नव्हती. त्यांनी जुन्या पातळीवरच इमारती उभ्या करायला घेतल्या. मग रस्ता वर गेला, पहिला मजला तळघर झाला, आणि पदपथाखाली पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांतून आज पर्यटकांना फिरवून आणतात. सिएटलमध्ये मुलाकडे आलेल्या आई-वडिलांनाही स्पेस नीडलनंतर बहुधा हीच सफर घडते.

भराव कशाचा, हेही पाहायला हवं. हेन्री येस्लरने 1853मध्ये इथे वाफेवर चालणारी लाकडाची गिरणी घातली आणि तिचा भुसा वर्षानुवर्षं किनाऱ्यावरच्या दलदलीत पडत राहिला. त्यावर माती, राडारोडा, जळक्या शहराचे अवशेष. जॅक्सन स्ट्रीटच्या आसपास तर भरती-ओहोटीचा चिखलपट्टाच होता. अशी भुसभुशीत, पाण्याने गच्च जमीन भूकंपाचा धक्का कमी करत नाही, वाढवते आणि लांबवते. मुंबईचा बराचसा दक्षिण भागही समुद्रात भराव टाकून मिळवलेला आहे, हे वाचकाच्या मनात आलं तर ते योग्यच आहे.

आगीनंतर काही महिन्यांतच कॅडिलॅकची इमारत उभी राहिली. आठ वर्षांनी, 17 जुलै 1897ला, पोर्टलंड नावाची बोट क्लोंडाइकचं सोनं घेऊन धक्क्याला लागली आणि शहर वेडं झालं. खुद्द महापौर डब्ल्यू. डी. वुड सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते, त्यांनी तिथूनच तारेने राजीनामा धाडला आणि सोन्याची वाट धरली. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी पुढे दंडक घातला की वर्षभर पुरेल एवढा शिधा, जवळजवळ टनभर सामान, बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. त्या दंडकाने सोनं काढणारे थकले आणि पीठ, डुकराचं मांस, बूट, फावडी विकणारे सिएटलचे व्यापारी गबर झाले. निघालेल्या लाखभर लोकांपैकी फार थोड्यांच्या हाती काही लागलं. ज्यांच्या लागलं त्यांतल्या जॉन नॉर्डस्ट्रॉमने परत येऊन 1901मध्ये सिएटलमध्ये बुटांचं दुकान काढलं, ते नाव आज अमेरिकेतल्या बाजारपेठांवर झळकतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना रात्र काढायला खोली लागायची. ती कॅडिलॅकसारख्या इमारतींतच मिळायची.

आता विटांच्या आतली गोष्ट सांगायला हवी, कारण या पुस्तकाचा कणा तिथे आहे. त्या काळच्या अमेरिकी व्यापारी इमारतीत विटांच्या जाड भिंतींवर लाकडी तुळयांची टोकं खोबणीत नुसती टेकवलेली असत. गवंड्याला अक्कल नव्हती म्हणून नव्हे. पुष्कळ ठिकाणी तुळईचं टोक मुद्दाम तिरकं कापत, म्हणजे आगीत तक्तपोशी जळून कोसळली तर तुळई भिंतीला उचकटून न काढता सुळकन निसटावी. मजला जळावा पण भिंत उभी राहावी, म्हणजे शेजारच्या इमारतीला आग लागणार नाही. आगीत होरपळलेल्या लोकांनी काढलेला तो शहाणा उपाय होता. भूकंपात मात्र तोच नडतो. जमीन आडवी हलते तेव्हा भिंत एकीकडे झुकते, मजला दुसरीकडे सरकतो, आणि दोघांना धरून ठेवणारं काहीच नसतं. भिंत बाहेर ढळते, तुळई खोबणीतून सुटते. त्यातही सगळ्यात आधी जातो तो गच्चीचा कठडा: तीन-चार फूट उंचीची, मागून कशाचाही आधार नसलेली, वरून ओझंही नसलेली विटांची रांग.

इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-धाराशिव पट्ट्यात घरं पडली ती दगड-मातीची. दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद भिंती, पण आतून बाहेरून दोन वेगळे थर रचून मध्ये खडी-माती भरलेली, आणि दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड नाही. हलल्यावर भिंत डाळीसारखी दोन दळांत उकलली आणि माळवदाचं मातीचं ओझं खाली आलं. पुनर्वसनाच्या वेळी जी घरं राखायची ठरली, त्यांच्या भिंतींना ठिकठिकाणी भोकं पाडून आत सळई घालून काँक्रीटचे आरपार बांध ओतले गेले. लातूरच्या खेड्यातलं घर आणि सिएटलच्या पेठेतलं हॉटेल यांच्यात साम्य काडीचं नाही, पण दोघांचा आजार एकच. माल कमकुवत असणं हे दुय्यम. माल मालाला धरून नव्हता, हे मुख्य. दुरुस्तीसुद्धा शेवटी तिथेच येते.

सिएटलला हे 2001मध्ये पहिल्यांदा कळलं असं नाही. 13 एप्रिल 1949ला आणि पुन्हा 29 एप्रिल 1965ला जवळपास तेवढ्याच मोठ्या भूकंपांनी याच पेठेत विटा पाडल्या होत्या, माणसंही गेली होती. 1949 नंतर शहराने उपाय केला तो असा की धोक्याचे कठडे, नक्षीचे कंगोरे, मनोरे उतरवून टाकले. पायोनियर बिल्डिंगचा डौलदार मनोरा तेव्हाच गेला. त्या भागातल्या जुन्या छायाचित्रांशी आजच्या इमारती ताडून पाहिल्या तर कित्येकींची डोकी भादरलेली दिसतात. रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचला, हे महत्त्वाचं. पण भिंत मजल्याला बांधायची राहिली ती राहिलीच. वरचं ओझं काढलं म्हणजे काम झालं, असा समज मात्र पक्का झाला.

दरम्यान पेठच नको अशी हवा होती. 1961मध्ये आगीनंतरचं देखणं सिएटल हॉटेल पाडून तिथे मोटारी लावायचा एक त्रिकोणी सांगाडा उभा केला गेला. टोकाकडे उंचावलेल्या आकारामुळे लोक त्याला बुडतं जहाज म्हणतात, आणि तो अजूनही तिथेच आहे. मला तो पाडू नये असंच वाटतं. वास्तुविशारद व्हिक्टर स्टाइनब्रुक आणि त्यांच्यासारख्या नागरिकांच्या भाषणांनी जेवढी माणसं जागी झाली, तेवढीच त्या कुरूप सांगाड्यानेही जागी केली असणार. 1970मध्ये पायोनियर स्क्वेअर संरक्षित वारसा-भाग जाहीर झाला आणि तिथल्या कुठल्याही इमारतीचा दर्शनी भाग बदलायचा किंवा ती पाडायची तर त्यासाठी नेमलेल्या मंडळाची परवानगी लागू लागली.

त्याच वर्षी, 20 मार्च 1970च्या रात्री, ओझार्क हॉटेलला कुणीतरी लावलेल्या आगीत 20 माणसं मेली. तेही असंच स्वस्त भाड्याच्या खोल्यांचं जुनं हॉटेल. शहराने नियम कडक केले: पाण्याचे फवारे, बंदिस्त जिने, आगीला तोंड देणारे दरवाजे. नियम रास्त होते. पण महिन्याला थोडकी रक्कम भाडं मिळणाऱ्या खोल्यांवर एवढा खर्च कोण करणार? मालकांनी वरचे मजले बंद केले आणि तळमजला भाड्याने चालू ठेवला. कॅडिलॅकच्या वरच्या खोल्याही अशाच पडून राहिल्या. तीस वर्षं. खाली रात्रीचा क्लब गजबजलेला, वर कबुतरं आणि गळतं छप्पर. ज्या खोलीत माणूस झोपतो तिथली ओल, फुगलेली भिंत, कुजलेली तुळई कुणाच्या तरी नजरेला पडते. रिकाम्या मजल्यावर पाणी वर्षानुवर्षं एकाच तुळईच्या टोकात मुरतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. भूकंपाने पाडलेल्या इमारतींची यादी करताना त्यांच्या वरच्या मजल्यांवर कोण राहत होतं, हा प्रश्न पहिल्या रकान्यात असायला हवा असं माझं मत आहे.

तेव्हा 2001च्या फेब्रुवारीत जी इमारत हलली, ती नुसती 1889ची नव्हती. आगीनंतरच्या नियमाने तिला विटांची केलं होतं, रस्त्याच्या उंचीने तिचा एक मजला जमिनीखाली घातला होता, वारशाच्या कायद्याने तिला पाडण्यापासून वाचवलं होतं आणि आगीच्याच दुसऱ्या नियमाने तिला रिकामं केलं होतं. प्रत्येक संकटानंतर शहराने काढलेलं उत्तर तिच्या अंगावर चढत गेलं होतं आणि एकाही उत्तराने आधीच्या उत्तराची विचारपूस केली नव्हती. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं त्या थरांच्या उलगड्याचीच आहेत.

भूकंपानंतर तपासनिसांनी दारांवर रंगीत कागद डकवले. हिरवा म्हणजे तपासली, वापरायला हरकत नाही. पिवळा म्हणजे मर्यादित वापर. लाल म्हणजे आत जाऊ नका. ही पद्धत कॅलिफोर्नियात तयार झाली आणि 1989पासून रूढ झाली. घाईच्या वेळी ती फार उपयोगाची असते, पण तिच्यामुळे एक घोटाळाही होतो. लाल कागद सांगतो तो आजचा धोका, इमारतीचं भवितव्य नव्हे. मालक, विमा कंपनी, वृत्तपत्र, शेजारी, सगळे मात्र तो पाडापाडीचा हुकूम समजून बसतात. त्यातून रस्ता बंद असतो, कुंपण घातलेलं असतं, शेजारच्या दुकानांचा धंदा बसलेला असतो. आठवडे उलटतात तसा सगळ्यांचा धीर सुटतो. ‘एकदाचं पाडा आणि रस्ता खुला करा’ हे वाक्य अशा वेळी फार शहाणपणाचं वाटू लागतं.

कॅडिलॅकच्या बाबतीत तसंच झालं. मालकाने पाडण्याची परवानगी मागितली. त्याला खलनायक ठरवायचं कारण नाही. वर रिकामे मजले, खाली बंद पडलेला क्लब, भिंत रस्त्यावर आलेली, दुरुस्तीचा खर्च रिकाम्या जागेच्या भावापेक्षा जास्त. हिशेब त्याच्या बाजूने होता. तो हिशेब बदलला दोन गोष्टींनी. हिस्टॉरिक सिएटल या सार्वजनिक संस्थेने इमारत विकत घेतली. ही संस्था सभा-मोर्चे काढणाऱ्यांची नव्हे. शहराच्या सनदेने स्थापन झालेली, इमारती खरेदी करणारी, दुरुस्त करणारी आणि भाड्याने देणारी. आणि दुसरं, भाडेकरू सापडला. क्लोंडाइकच्या सोन्याच्या लाटेचं स्मारक म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने 1976मध्ये एक ऐतिहासिक उद्यान जाहीर केलं होतं. त्याचा मुख्य भाग अलास्कात आणि एक भाग सिएटलमध्ये, पायोनियर स्क्वेअरमधल्याच दुसऱ्या जागेत. त्यांना कायमची, सोयीची जागा हवी होती, आणि सोनं शोधायला निघालेली माणसं जिथे मुक्कामाला राहत असत तशा हॉटेलापेक्षा योग्य जागा कुठली मिळणार होती? 2006मध्ये संग्रहालय तिथे आलं.

हे वाचायला सरळ वाटतं. पण मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी दुरुस्ती आणि मग वापर शोधू, असं झालं नाही. वापर ठरला म्हणून मजल्यांवर किती ओझं पडणार ते कळलं, ओझं कळलं म्हणून पोलाद किती लागेल ते ठरलं, पोलाद ठरलं म्हणून कर्ज देणाऱ्याला दाखवायला आकडे तयार झाले. अमेरिकेत संरक्षित व्यापारी इमारत नियमांनुसार सुधारली तर पात्र खर्चाच्या 20 टक्के रक्कम मालकाला संघ सरकारच्या करातून वजा मिळते. अशा सवलतीचं महत्त्व भावनेने मोजता येत नाही. पुष्कळ जुन्या पेठांत तीच सवलत इमारत राहणार की जाणार ते ठरवते. आपल्याकडे 1995मध्ये मुंबईने देशात पहिल्यांदा वारसा-इमारतींचे नियम केले. पाडू नका, बदलू नका, हे आपण मालकाला बजावून सांगितलं. मग पैसे कुठून आणायचे, हे मात्र त्याचं त्याने पाहायचं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करतात, याचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईल. इथे एवढंच सांगतो की पहिलं काम आधार देण्याचं असतं. भिंतीला बाहेरून तिरके टेकू, खिडक्यांच्या पोकळीत लाकडी चौकटी, आणि पडलेल्या विटांची वर्गवारी. मग भिंत आणि मजला यांची गाठ मारायची. भिंतीतून आरपार लोखंडी दांडा घालून आत तो तुळयांना जखडायचा आणि बाहेर चकती लावून आवळायचा. जुन्या फळ्यांवर प्लायवुडचा थर ठोकून मजला ताठ करायचा, म्हणजे तो एकसंध हलेल आणि भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवेल. एवढ्याने भागत नसेल तर आत पोलादी चौकटी किंवा काँक्रीटच्या भिंती उभ्या कराव्या लागतात. तळमजल्याला दुकानांच्या मोठाल्या काचा असल्यामुळे रस्त्याकडची बाजू नेहमी लुळी असते, तिथे चौकट जवळजवळ अटळच. कठड्याला मागून तिरका आधार.

गवंडीकामात सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. जुनी वीट मऊ, जुना चुना तिच्याहून मऊ. भिंत हलली, भिजली, वाळली की ताण चुना सोसतो, वीट शाबूत राहते. विटांमधल्या दरजा उकरून त्यांत कोणी कडक सिमेंट भरलं तर भिंत दिसते टणक, पण पुढे ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. घाण्यात मळलेल्या चुन्याची जातकुळी जाणणारे जुने गवंडी आपल्याकडेही हेच सांगत आले. त्यांचं ऐकायचं सोडून आपण देवळांना, वाड्यांना सिमेंटचा गिलावा केला.

वादाचे प्रश्न इथून पुढे सुरू होतात. नवं पोलाद लपवायचं की दिसू द्यायचं? 1949मध्ये उतरवलेला कंगोरा परत बसवायचा की भादरलेलं डोकं हाही इतिहास म्हणून तसंच ठेवायचं? पडलेल्या भिंतीच्या जागी जुन्याची हुबेहूब नक्कल करायची की नवी वीट किंचित वेगळी ठेवायची? अमेरिकेत यावर सरकारी मानकं आहेत, पण मानकं वाचून निर्णय होत नाही. माझा कल सांगून टाकतो: नवं काम जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावं आणि लांबून खटकू नये. सगळं लपवणारी दुरुस्ती मला थोडी खोटी वाटते. आणि पोलादाचं प्रदर्शन मांडणारी दुरुस्ती मला वास्तुविशारदाच्या आत्मप्रौढीचा नमुना वाटते. वाचकाने याच्या विरुद्ध मत बनवलं तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही.

एक योगायोग मात्र लिहून ठेवायलाच हवा. आपत्तीआधी शहरांनी तयारी करावी म्हणून अमेरिकेत ‘प्रोजेक्ट इम्पॅक्ट’ नावाची संघ सरकारची योजना होती आणि सिएटल तिच्या पहिल्या शहरांपैकी एक. घरांचे पाये जखडणं, शाळांच्या छतांवरच्या पाण्याच्या टाक्या उतरवणं अशी कामं त्यातून झाली होती. ती योजना बंद करण्याचा प्रस्ताव असलेला अर्थसंकल्प वॉशिंग्टनमध्ये मांडला गेला तो 28 फेब्रुवारी 2001लाच. प्रस्ताव मागे घेतला गेला नाही.

या भूकंपाचा दुसरा परिणाम पेठेच्या शेजारी दिसला. समुद्रकाठचा दुमजली उड्डाणमार्ग 2001मध्ये तडकला होता. त्याच्या जागी बोगदा करायचं ठरेपर्यंत बरीच वर्षं गेली. खणायला आणलेलं बर्था नावाचं अजस्र यंत्र 2013च्या डिसेंबरात पायोनियर स्क्वेअरजवळच अडकून बसलं. ते सोडवण्यासाठी भूजल उपसलं तेव्हा आसपासची जमीन इंचभर खचल्याचं लक्षात आलं आणि जुन्या इमारतींच्या मालकांच्या छातीत धस्स झालं. बोगदा शेवटी 2019च्या फेब्रुवारीत खुला झाला. भूकंपातून सावरलेल्या इमारतीला भूकंपाच्या उपायानेही धोका होऊ शकतो, हे नव्या शहराने पुन्हा एकदा पाहिलं.

न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च या पुस्तकात वारंवार येतं, त्याचंही कारण सांगायला हवं. तिथे 4 सप्टेंबर 2010च्या पहाटे मोठा भूकंप झाला, रस्ते रिकामे होते, कुणी दगावलं नाही. विटांच्या इमारती तडकल्या, काहींना कुंपणं घातली, काहींचे निर्णय लांबणीवर पडले. मग 22 फेब्रुवारी 2011ला दुपारी 12 वाजून 51 मिनिटांनी, जेवणाच्या सुट्टीत, दुसरा भूकंप झाला. 185 माणसं गेली, आणि त्यांतली चाळीसच्या आसपास अशा जुन्या विटांच्या बांधकामाखाली. बरीचशी रस्त्यावर, पदपथावर, बसमध्ये. इमारतीत त्यांचं काहीच काम नव्हतं. कठडा मालकाचा, डोकं वाटसरूचं. मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हा एवढा हिशेब मांडावा. त्या शहराने पुढे शेकडो जुन्या इमारती पाडल्या, त्यांतल्या कित्येक वाचवता आल्या असत्या असं तिथलेच लोक आज म्हणतात. भीती आणि हळहळ या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर घडल्या आहेत.

सिएटलमध्ये अशा, म्हणजे सळई-पोलादाचा आधार नसलेल्या विटांच्या, सुमारे 1,100 इमारती आहेत. त्यांची यादी शहराने जाहीर केली आहे, पत्त्यांसकट. सक्तीने त्या मजबूत करून घेण्याचा विषय तिथे काही दशकं चर्चेत आहे; अडतं ते पैशांवर. बऱ्याचशा इमारतींत गरीब भाडेकरू आहेत, स्थलांतरितांची छोटी दुकानं आहेत. मालकावर खर्च लादला की भाडं वाढतं आणि 1970ला जे झालं तेच पुन्हा होतं: वरचे मजले बंद. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांनी सक्ती केली आणि राबवली, त्याची कहाणी एका स्वतंत्र प्रकरणात आहे. पूर्ण मजबुतीऐवजी निदान कठड्यांना टेकू आणि भिंतींना दांडे एवढं तरी सगळीकडे करा, असं म्हणणारा एक पक्ष आहे. अर्धवट काम करून सुरक्षिततेचा आव आणू नका, असं म्हणणारा दुसरा. मी पहिल्या पक्षाचा आहे, कारण पदपथावरून चालणाऱ्याला पूर्ण मजबुतीची वाट पाहायला सांगणं मला जमत नाही.

महाराष्ट्रावर वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही, याबद्दल काही वाचक रागावतील. आपल्याकडे कोयना 1967मध्ये हलली, किल्लारी 1993मध्ये; मुंबईची उपकरप्राप्त घरं दर पावसाळ्यात बातमीत येतात. पण त्या घरांच्या दुरुस्तीचा आपला सगळा विचार पावसाभोवती आणि वयाभोवती फिरतो. लोखंड गंजलं, गळती झाली, टेकू लावा. आडव्या धक्क्याचा विचार त्यात क्वचितच असतो. म्हणून मुद्दाम आधी दूरची, नीट नोंदलेली, कागदपत्रांसकट उपलब्ध असलेली उदाहरणं घेतली आहेत. त्यांच्या आधाराने आपल्या पेठांची पाहणी कशी करावी याचा एक तक्ता परिशिष्टात दिला आहे. वॉर्डातले अभियंते, सोसायट्यांचे सचिव आणि घरमालक यांनी तो जरूर वापरावा आणि त्यातल्या चुका कळवाव्यात.

ज्यांना सिएटलला जायचा योग येईल त्यांच्यासाठी एक सूचना. कॅडिलॅक हॉटेलमधलं संग्रहालय पाहायला पैसे पडत नाहीत. आधी सोन्याची गोष्ट पाहून घ्या. मग बाहेर येऊन पेठेतून चालताना दुकानांच्या काचांऐवजी विटांच्या भिंतींकडे, मजल्यांच्या पातळीला बघा. तिथे लोखंडी चकत्यांची आडवी रांग दिसली, तर त्या इमारतीच्या भिंती मजल्यांना बांधलेल्या आहेत. जिथे अशी रांग नाही आणि वर उंच कठडा आहे, तिथे पलीकडच्या पदपथाने जा.